पाचवं पान

१० ऑगस्ट, रविवार

सांगून टाकलं एकदाचं.

अश्विन बुटाची लेस बांधत होता. आजकाल रविवारचीही शिफ्ट मागून घेतो. बुटीबोरीची कंपनीची बस चौकात यायची वेळ झाली होती. मी म्हटलं, "महालक्ष्म्या उठल्या का मी वर्ध्याले आईकडे जाते. परत यायसाठी नाही जाऊन राहिली." त्याने दुसऱ्या बुटाची लेस बांधली, उठला आणि म्हणाला, "बरं."

बरं! अरे बाप्पा, नवऱ्याला भाजी आणायला सांगितली तर तोही विचारतो, कोणती आणू. सहा वर्षांच्या संसाराला याच्याकडून एक शब्द निघाला.

हे कोणाला सांगू? सासूबाईंना सांगितलं तर घर डोक्यावर घेतील. आईला सांगितलं तर आजच गाडी करून येईल. म्हणून ही डायरी. नागपूरच्या वाडी भागातल्या आमच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात दिवाळीला वाटतात, वर ट्रकचं चित्र आहे. दिवसभर तिथे बसून मी ट्रकच्या बिल्ट्या बनवते, कोणता माल कुठून कुठे चालला ते लिहिते. आता आपलंही लिहू.

मार्चमध्ये माझी पोटातली पोरगी गेली. पाचवा महिना होता. सासूबाई दवाखान्यात रात्रंदिवस होत्या, आई वर्ध्याहून धावत आली. अश्विन दुसऱ्या दिवशी आला, शिफ्ट पूर्ण करून, डब्याची पिशवी हातात घेऊन. दारात उभा राहिला. मी भिंतीकडे तोंड केलं. तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे "सिलेंडर लावलं का" आणि "किल्ली घेऊन जा". जेवतो कंपनीच्या कॅन्टीनमध्ये. झोपतो हॉलमध्ये. म्हणे तिथे कुलरची हवा येते. कुलर जून संपताच बंद करून झाकून ठेवलाय, तरी याची हवा येऊनच राहिली.

महालक्ष्म्यांपर्यंत थांबते ते सासूबाईंसाठी. पूजेला जोडीनंच बसावं लागते आमच्यात. त्यांनी माझं काय वाईट केलं?

१६ ऑगस्ट, शनिवार

गाडीचा ब्रेक महिनाभरापासून लागत नव्हता. आज वाडीच्या नाक्यावर दाबला तर कचकन लागला, मीच पडता पडता राहिली. कोणीतरी नीट करून ठेवला. सासरे असतील, पण ते तर उमरेडला शेतावर आहेत.

फ्रिजमध्ये पेरू आहेत पुन्हा. कोण आणते काय माहीत. सासूबाईंना दात नाहीत पेरू खायला. मी दोन खाल्ले मीठ लावून. बाकी काही गळ्याखाली उतरत नाही आजकाल. ताट घेते, चिवडते, उठते. कोणी पाहत नाही, म्हणून बरं आहे.

२४ ऑगस्ट, रविवार

सासूबाईंनी माळ्यावरची पेटी काढायला लावली. मुखवटे, दागिने, लोखंडी कोठ्या आणि त्या वेगळ्या डब्यात दोन बाळं. आमच्याकडे दोघी बहिणींपुढे त्यांची लेकरं बसवतात, एक मुलगा, एक मुलगी. दरवर्षी नवे कपडे शिवतात त्यांना. सासूबाई म्हणाल्या, "मिनल, झबलं अन् फ्रॉक तूच शिव. बसून राहू नोको, हात चालले का डोकं चालत नाही."

कसं बोलवते यांना! डबा उतरवायला अश्विन शिडीवर होता. डबा माझ्या हातात दिला आणि सरळ बाथरूममध्ये गेला तोंड धुवायला. नळ किती वेळ सुरू होता. पाण्याचं बिल काय कमी येते? आणि मुळात माळ्यावर एवढी धूळ नव्हतीच.

फ्रॉक शिवला. पिवळा, लाल किनारीचा. चांगला झाला. शिवताना सुई बोटात गेली, तेवढं निमित्त करून रडून घेतलं.

३१ ऑगस्ट, रविवार

आज महालक्ष्म्या आल्या.

मी दरवर्षी पाहते आणि दरवर्षी मला समजत नाही हे काय होते ते. सकाळी त्या लोखंडी कोठ्या असतात, वर पदर पिना लावून बसवलेला. पिना मीच लावल्या, निऱ्या मीच घातल्या. मग अंगणापासून मुखवटे आणायचे, हळदी-कुंकवाच्या पावलांवरून. सासूबाई ताट वाजवत पुढे. दारात मी, हातात ज्येष्ठा. आतून विचारतात, "कोण आलं?" आणि मी म्हणायचं, "महालक्ष्मी आली." "कशाच्या पावलानं?" "सोन्याच्या पावलानं."

यावर्षी म्हणताना आवाजच फुटेना. मागून अश्विन कनिष्ठेचा मुखवटा घेऊन उभा होता, तो म्हणाला माझ्या वाटचं, "महालक्ष्मी आली." घोगरा आवाज. सर्दी झाली वाटते.

मुखवटे बसले आणि हॉलच बदलला. डोळे लागले न बाप्पा घराला! मी जिकडे जाईन तिकडे पाहून राहिल्या. कोठीची पिन मला माहीत आहे, पदराखालचा लोखंडी दांडा मला माहीत आहे, तरी त्यांच्यापुढे पाठ करून चालायची हिंमत झाली नाही. वर फुलोरा लटकला, करंज्या, लाडू, पापड्या. पुढे दोन बाळं. फ्रॉक बरोबर बसला.

मनात म्हटलं, माय वं, दोन दिवस राहा अन् मलेही घेऊन जा.

१ सप्टेंबर, सोमवार

आज जे झालं ते नीट लिहायचं आहे, उद्या मलाच खोटं वाटेल.

आज महापूजा. जोडीनं बसलो, गाठ मारली, हात लागू दिला नाही एकमेकांना. सोळा भाज्यांची भाजी, पुरणपोळी, ज्वारीची आंबील, कढी, वडे. नैवेद्य दाखवला, पडदा ओढला आणि सगळे बाहेर आलो, देवी जेवायला. ते झाल्यावर सवाष्णी. पाच लग्नाच्या बाया महालक्ष्म्यांपुढे पानावर बसवायच्या, त्यांचे पाय धुवायचे, देवीच समजून जेवू घालायचं. त्यांचं झाल्याशिवाय मांडवातल्या पंगतीला कोणी पहिला घास घेत नाही.

चौघी बसल्या. पाचवीचा फोन आला, ताप आहे, येत नाही. मांडवात पन्नास माणसं पानाकडे पाहून राहिलेली, सासूबाईंचा चेहरा कणकेसारखा पांढरा. पाचवं पान रिकामं कसं ठेवायचं?

तेवढ्यात दारात एक बाई. हिरवी साडी, हातात कापडी पिशवी, पायांवर धूळ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. म्हणाली, "उशीर झाला का वं मले?"

सासूबाई धावल्याच. "या माय, तुमचीच वाट पाहून राहिलो." बसवलं पाचव्या पानावर.

मला वाटलं सासूबाईंची कोणी उमरेडकडची. विचारणार कसं? आमच्या घरची रीत आहे, पानावर बसलेल्या बाईला नाव-गाव विचारायचं नाही, हात धुतल्यावर विचारा. सासूबाई म्हणतात, "पानावर ते देवी असते, अन् देवीले आधार कार्ड मागत नसतात."

मी पाय धुवायला बसली. चौघींचे धुतले, त्यांनी डोक्याला हात लावल्यासारखं केलं आणि काढला. या बाईचे पाय भेगांचे होते, चालून आलेले. मी पाणी घातलं, हळद लावली, वाकली. तिने डोक्यावर हात ठेवला. आणि ठेवलाच. मी थांबली, आता काढेल, आता काढेल. हात जड होता, गरम होता. मार्चपासून माझ्या डोक्यावर कोणाचा हात असा थांबला नव्हता. मला काय झालं माहीत नाही, टपटप टपटप पाणी पडायला लागलं परातीत, माझ्याच डोळ्यांचं.

ती हळूच म्हणाली, "बस झालं वं पाणी. आता वाढ."

हसूच आलं मला रडता रडता. कोणाला दिसलं नाही. वाढायला उठली.

काय जेवली ती! सोळा भाज्यांची भाजी तीनदा मागितली. मध्येच एकदा थांबली, भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, पुन्हा खाली मान घालून जेवायला लागली. पिशवीत फोन वाजून वाजून थांबला, तिने हातही लावला नाही. चौघी उठल्या, हात धुतले, ओट्या घेतल्या, मांडवाकडे गेल्या. ही बसूनच. मला म्हणे, "बस."

मी म्हटलं, "घरच्या बाईनं शेवटी जेवायचं असते."

"माह्या पानावर बस. सवाष्णीच्या पानातला घास प्रसाद होय, त्याले कोणाची परवानगी लागत नाही."

बसली मी. तिने पुरणपोळीचा तुकडा तुपात बुडवला आणि माझ्या तोंडापुढे धरला. मी नाही म्हणणार होती, पण तोंड उघडलं. दुसरा. तिसरा. मग मलाच भूक लागली. अशी भूक की लाज वाटली. तिच्या पानातली भाजी खाल्ली, कढी ओरपली, वडे खाल्ले. ती तुकडे करून देऊन राहिली, मी खाऊन राहिली, लहान पोट्टीसारखी.

मग बाळांकडे पाहून तिने विचारलं, "कितवा महिना होता?"

माझा घास तिथेच. हिला कोणी सांगितलं? मी म्हटलं, "पाचवा."

"पोरगी?"

"हव."

ती म्हणाली, "माह्ये चार लेकरं. दोन आहेत, दोन नाहीत. कोणी विचारलं तं मी चार सांगते. लोकं म्हणतात, दोनच तं दिसून राहिले. मी म्हणते, तुमचे डोळे होय ते, मोजणारी मी आहो."

मार्चपासून सगळे सांगून राहिले, विसर, पुन्हा होईल, देवाची मर्जी. मोज असं कोणी नाही म्हटलं. मी मनात मोजलं. एक. माझी एक आहे. छातीवरून काहीतरी उतरलं, खरंच उतरलं, मी श्वास घेतला आणि तो खालपर्यंत गेला.

मान वर केली तर दारात अश्विन, कढीची बादली हातात. किती वेळचा उभा होता माहीत नाही. बादली तिथेच ठेवली आणि मागच्या अंगणात निघून गेला. पंगत वाट पाहत राहिली कढीची. सासरे ओरडले तेव्हा आला, हातपाय धुऊन. हा माणूस कामाच्या वेळीच कुठे जातो कोण जाणे.

मी ओटी भरली. बाई उठली, हात धुतले, मांडव पाहिला, फोन पाहिला आणि लगबगीनं निघून गेली. नाव विचारायला मी मागे धावली, गल्लीत कोणी नव्हतं.

त्याच दिवशी, संध्याकाळ

सगळं आवरल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तुह्या माहेरची होती का वं ते हिरव्या साडीवाली?"

मी म्हटलं, "मले वाटलं तुमची होय."

अश्विनला विचारलं. नाही. सासऱ्यांना. नाही. चौघी सवाष्णींना फोन लावले. कोणाचीच नाही. सासूबाई खाली बसल्या, हात जोडले. "माय वं. पाचवं पान रिकामं होतं म्हणून स्वतः आली. महालक्ष्मीच जेवून गेली आपल्या घरी!"

मी म्हटलं, "तिच्या पिशवीत फोन वाजत होता, आई."

"आजकालची देवी होय ते."

घंटाभरात गल्ली भरली. बाया येऊन राहिल्या, पाचव्या पानाच्या जागेला हात लावून राहिल्या. सासूबाईंनी तिथे रांगोळी काढली, झाडू लावू देत नाहीत. मी काही श्रद्धाळू नाही, तोंडाची फटकळ, पण आज मीही त्या जागेवर पाय देत नाही. महालक्ष्म्यांकडे पाहते. पुढे दोन बाळं. ती म्हणाली, दोन आहेत, दोन नाहीत. अंगावर काटा येऊन राहिला. तिला कसं माहीत झालं? कोणी सांगितलं?

देवी असो नसो, मी आज पोटभर जेवली. आता निवांत जाईन वर्ध्याला.

२ सप्टेंबर, मंगळवार

देवी नव्हती. काटोलच्या शोभाताई होत्या.

दुपारी एक पोरगी आली, नवी सून दिसत होती. मागच्या गल्लीतल्या यमुताईंची, नाव अश्लेषा. यमुताईंकडेही महालक्ष्म्या असतात, त्यांचाही मांडव मारुतीच्या देवळाजवळच, तसाच पिवळा-लाल कापडाचा. अश्लेषानं ती रांगोळी पाहिली आणि रडायलाच लागली. "ते माही आई होती."

मग हळूहळू सांगितलं. तिचं लग्न कोर्टात झालं, घरच्यांच्या मर्जीविरुद्ध. दोन वर्षं यमुताईंनी विहिणीचं तोंड पाहिलं नाही. यंदा कसंबसं मनावर घेतलं, पहिलं बोलावणं केलं, आणि तेही सवाष्णीच्या पानाचं. काटोलहून बाई पहाटे निघाली. देवळापाशी मांडव पाहिला आणि शिरली. पोरगी दिसली नाही तर वाटलं, सोवळ्यात स्वयंपाकघरात असेल. तिकडे यमुताईंच्या घरी पान मांडून पंगत उपाशी बसली, फोनवर फोन. शेवटी आली तर म्हणाली, "मी जेवून आली. घर चुकलं माह्यं."

"सासूबाई म्हणतात, मुद्दाम अपमान केला. आता पुन्हा कधीच बोलावणार नाहीत. मी आईले विचारलं, तुले समजलं नाही का? ते म्हणे, समजलं. जेवता जेवता भिंतीवर लग्नाचा फोटो दिसला, त्यात तू नव्हती."

मी आमच्या लग्नाच्या फोटोकडे पाहिलं. माझ्या फेट्यावाल्या नवऱ्याकडे आणि त्याच्या बाजूला हसणाऱ्या माझ्याकडे.

"मंग उठली काहून नाही?" मी विचारलं.

"तेच तं सांगत नाही. पानावरून उठू नये हे समजते मले. पण बाकीच्या सवाष्णी उठल्यावर काहून थांबली? म्हणे, ते माह्यं अन् त्या घरचं होय, तुह्या सासूले सांगायचं नाही. तुम्ही तरी सांगा, काय झालं होतं?"

म्हणजे तिने सांगितलंच नाही! माझ्या लेकराची गोष्ट तिने तिथे वापरली नाही. एक वाक्य बोलली असती तर सुटली असती. पोरीचं सासर, दोन वर्षांनी आलेलं बोलावणं, सगळं पणाला लावून ती त्या पानावर बसून मला घास भरवत होती, आणि पिशवीत फोन वाजत होता. तो पोरीचाच फोन होता.

कालपासून मी देवीला पाहून थक्क झाली होती. आज त्याहूनही थक्क झाली. देवी असती तर तिचं काय गेलं असतं? देवीला विहीण नसते. ही तर माणूस होती, बसनं आलेली, भेगांच्या पायांची.

आणि तिला कसं समजलं तेही अश्लेषानं न कळत सांगितलं. "आई म्हणे, सगळ्या बाया महालक्ष्मीच्या तोंडाकडे पाहून राहिल्या होत्या, एक ते पोरगीच बाळांकडे पाहत होती."

सासूबाई सगळं ऐकत होत्या. आता लोकांना काय सांगायचं, हा त्यांचा पहिला प्रश्न. मग उठल्या, झाडू घेतला आणि स्वतःच्या हातानं रांगोळी पुसली. मला म्हणाल्या, "जाय. यमुताईले सांगून ये. माह्यं काय, गल्ली हसंन दोन दिवस."

संध्याकाळी महालक्ष्म्या उठवल्या. मुखवटे हलवले, आणि पाहता पाहता तिथे पुन्हा कोठ्या उरल्या. मी चप्पल घातली तर अश्विन पायरीवर, चप्पल घालून. मी म्हटलं, "तू कुठं?" म्हणाला, "चाल."

यमुताई खुर्चीवर बसल्या होत्या, पाठ ताठ. "माह्या पंगतीत लोकं उपाशी बसले अन् बाई ढेकर देऊन आली," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही काय सांगता?"

मी तोंड उघडलं. मी, जिचं तोंड ड्रायव्हरसुद्धा टाळतात! शब्दच निघेना. लेकरू, एवढाच म्हणायचा होता.

अश्विन बोलला. उभा होता, हात मागे बांधून, शाळेतल्या पोरासारखा.

"काकू, मार्चमध्ये आमची पोरगी गेली, पोटातच. तेव्हापासून ही जेवत नाही. ताट घेते, चिवडते, उठते. मी रोज पाहतो. मी विचारत नाही, काहून का मी विचारलं तं ते विचारंन, तू दवाखान्यात काहून नाही आला. माह्यापाशी जबाब नाही. म्हणून मी पेरू आणून फ्रिजमध्ये ठेवतो अन् पळतो. तुमच्या विहिणीनं काल हिले जेवू घातलं. ते काम माह्यं होतं, काकू. रागावायचं तं माह्यावर रागवा."

मी याच्याकडे पाहतच राहिली. रोज पाहतो म्हणे. पेरू! अश्विन बोलतो तेव्हा त्याच्या गळ्याची शीर हलते, हे मी विसरून गेली होती.

यमुताईंनी पाठ खुर्चीला टेकवली. मग अश्लेषाला म्हणाल्या, "लाव फोन तुह्या मायले." फोन घेतला, खाकरल्या. "विहीणबाई, दसऱ्याले या. मी स्वतः देवळापाशी उभी राहीन, नाही तं पुन्हा कोणाच्या मांडवात शिरान तुम्ही." आणि डोळे पुसून फोन माझ्याकडे दिला.

मी विचारलं, "ताई, काहून थांबल्या तुम्ही?"

पलीकडून हसल्या. "अवं, भाजी चांगली झाली होती."

"खरं सांगा न."

"खरं तेच होय. अन् आइक, ते कढीची बादली घेऊन कोण उभा होता? तुहा नवरा का? त्यालेही विचार. त्याच्याही पोटात काही गेलेलं दिसत नव्हतं."

३ सप्टेंबर, बुधवार

वर्ध्याला गेली नाही. आईला सांगितलं, बघते, कळवते.

काल परतताना रस्त्यातच भांडलो. काय भांडलो! मी विचारलं, काहून नाही आला? तो म्हणाला, निरोप आला तेव्हा मशीन बंद करून निघता आलं असतं. साहेब जा म्हणाले होते. नाही निघालो. भीती वाटली. तुझ्या तोंडाकडे कसं पाहू म्हणून शिफ्ट पूर्ण केली. मला वाटलं होतं काहीतरी कारण असेल, बस मिळाली नसेल, फोन लागला नसेल. नुसती भीती! मी त्या मारुतीच्या देवळापुढे ओरडली, लोक मांडव सोडता सोडता पाहायला लागले. मी म्हटलं, अन् मी नव्हती भ्यायली? मले कोण शिफ्ट देणार होतं पूर्ण करायले? तो ऐकत उभा राहिला. पळाला नाही. एवढंच केलं त्याने, पण ते केलं.

राग गेलेला नाही. लिहून ठेवते, गेलेला नाही. पण राग त्याच्या तोंडावर काढता येतो, हे मार्चनंतर पहिल्यांदा कळलं, आणि कसं हलकं वाटून राहिलं म्हणून सांगू.

आज त्याने सुट्टी काढली. दोघांनी मिळून मुखवटे पुसले, साड्यांच्या घड्या केल्या, बाळांना त्यांच्या डब्यात ठेवलं. पिवळा फ्रॉक त्याने हातात घेतला आणि तसाच बसून राहिला. मग म्हणाला, त्याने पोरीचं नाव ठेवलं होतं. डिसेंबरमध्येच, दिवस राहिले समजलं तेव्हाच, पोरगीच होणार असं धरून. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता मनात हाक मारायचा. अजूनही मारतो.

मी म्हटलं, सांग. त्याने सांगितलं.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. दुपारभर आम्ही दोघं तिला त्या नावानं हाक मारत बसलो, आधी तो, मग मी.